निघताना विचारत नाहीत

खळ्यावर त्या वर्षी भारे जास्त होते आणि माणसं कमी. वडिवळ्यात ज्याच्या त्याच्या खाचरात भात पडलेलं, कोण कुणाच्या मदतीला येणार? नथूनं वरच्या खाचराचा कोपरा चोपून, शेणानं सारवून खळं केलं होतं. मधोमध लाकडी बाक आडवा टाकला होता. एका अंगाला नथू, दुसऱ्या अंगाला रंजना. त्यानं पेंढी बाकावर आपटली की तिची वर जायची, तिची खाली आली की त्याची वर. दाणे सडासडा उडायचे आणि नथूची थोरली, कोमल, ते केरसुणीनं आत लोटायची.

रंजना डोंगरावरच्या वाडीतली. कापणी लागल्यापासून ती ह्याच घरी कामाला येत होती. तिच्या दंडांवर भाताच्या पातीनं लाल रेघा ओढल्या होत्या, त्यावर घाम उतरला की ती तोंडानं फुंकर घालायची आणि पुन्हा पेंढी उचलायची. कस्तुराबाई झोडलेला पेंढा बांधून एकावर एक रचत होती. धाकटा ओंकार पिकअप घेऊन भाड्यावर गेला होता. कुठं, ते कुणाला ठाऊक नव्हतं. त्या घरात ते विचारायची रीत नव्हती.

"कोमल, इचार," पेंढी आपटता आपटता नथू म्हणाला.

"आबा, दम तरी घ्या."

"दम हाय. तू इचार."

"लाल चौकोन, टोकावर उभा केलेला. आत ज्वाळा."

"पेटनारा माल. फ्लेमेबल लिक्विड. बिडी न्हाई, काडी न्हाई, मोबाईल बंद."

"हातावर थेंब पडतोय."

"करोझिव्ह. कातडं खानारा. पानी मारत ऱ्हायाचं, चोळायचं न्हाई."

"कवटी आणि हाडं?"

"ते काय, तुझी आय रागावल्यावर."

रंजना पेंढी वर धरूनच हसायला लागली. कस्तुराबाईनं मान वर केली नाही. "शाळा सुटली आसंल तर हात चालवा," ती म्हणाली. "त्या डोंगरामागं आभाळ कसं फुगलंय बगा. भिजलं तर कवटी मी हुतेच."

"तुमची परीक्षा झाली की आबा," कोमल म्हणाली. "कार्डपण आलं."

"वर्गातली झाली. आता टँकरच्या पाटीवर लिवलेलं हाय ते खरं."

ऊन कलल्यावर धरणाकडून वारं सुटलं. नथू तिवईवर चढला, रंजनानं सुपं भरून वर दिली. तो हात ताणून भात सोडायचा. दाणा सरळ खाली आणि फोल दूर, पिवळी धार होऊन. कोमल पलीकडून यायला लागली तसा तो ओरडला, "तिकडनं न्हाई, ह्या अंगानं ये. वाऱ्याच्या वरल्या अंगानं." मग स्वतःशीच हसला. "मास्तर फळ्यावर बाण काढून सांगत हुता. टँकर गळाला तर वाऱ्याच्या वरल्या अंगाला उभं ऱ्हावा, आन् लोकांना बी तिकडंच न्या. समदी वहीत बाण काढाया लागली. मला तर खळंच दिसलं."

हा त्या घराचा शेवटचा साधा दिवस. तो साधा होता हे नंतर कळलं.

*

त्याआधी, त्याच वर्षी गणपती उठले आणि दुधाचे टँकर गेले. तळेगावच्या ज्या ट्रान्सपोर्टात नथूनं उभी उमर काढली, त्या मालकानं दुधाचं काम सोडून केमिकलचे टँकर घेतले. जुन्या ड्रायव्हरांना यार्डात उभं करून त्यानं सांगितलं, ज्याच्या लायसनवर हॅझार्ड चढलेलं असेल त्यानंच स्टेरिंगला हात लावायचा. बाकीच्यांनी घरी बसून भात बघावं. पन्नाशी उलटलेल्या माणसाला दुसरा मालक कोण ठेवतो? नथूनं घरी येऊन पाय धुतले, जेवला, आणि ताटात हात धुता धुता म्हणाला, "धोक्याच्या मालाचा शेरा पायजे म्हनं लायसनवर. त्याला वर्ग हाय. आन् विंग्रजी वाचाया यावं लागतं."

"तुमाला येतं का?" कस्तुराबाईनं विचारलं.

"सातवी झालोय की."

सातवी झाली होती. पण त्या इंग्रजीतली आता सही करण्यापुरतीच उरली होती. हायवेच्या पाट्या तो वाचत नव्हता, ओळखत होता. जशी माणसं ओळखावीत तशी, चेहऱ्यावरून.

वर्ग चाकणकडं एका हॉलमध्ये होता. शाळेचे बाक, गुडघे वर येत. शिकवणारा ओंकारच्याच वयाचा, पण समजूतदार. पहिल्याच दिवशी त्यानं छापील कागद हातात देऊन एकेकाला उभं करून वाचायला लावलं. नथूची पाळी आली तेव्हा त्यानं कागद लांब धरला. आणखी लांब धरला. मागून कुणीतरी म्हणालं, "बाबा, हात पुरंना का? धरू का मी पुढं जाऊन?" सगळा वर्ग हसला. हे त्यानं घरी सांगितलं ते न हसता, आणि भाकरीचा तुकडा आमटीत नुसता फिरवत राहिला.

दुसऱ्या दिवशी कोमलनं कामशेतच्या बाजारातून जवळचं वाचायचा चष्मा आणला. नथूनं तो लावला, अंगणात गेला, पुन्हा आत आला. "ही भिंत लय मळलीया गं," तो कस्तुराबाईला म्हणाला.

मग रोज कोमल लोणावळ्याच्या ग्रंथालयातल्या कामावरून लोकलनं परतली की नथू तिला कामशेतला स्टेशनबाहेर गाठायचा. दोघं जुन्या हायवेच्या कडेला, चहाच्या टपरीमागं दगडावर बसायची आणि येणारेजाणारे टँकर वाचायची. टँकर लांबून दिसला की आधी चित्र. जवळ आला की अक्षरं. मागची पाटी दिसेनाशी व्हायच्या आत शब्द पुरा करायचा. कोमलनं आयुष्यात पुस्तकं कमी वाचली नव्हती. कपाटंच्या कपाटं तिच्या हाताखालून गेली होती. पण एकेका शब्दामागं असं धावत जाणं तिनं पाहिलं नव्हतं. नथूचे ओठ हलायचे, मान टँकरबरोबर वळायची, आणि शब्द सापडला की तो तिच्या गुडघ्यावर थाप मारायचा. "टॉक्झिक! गेला बग, टॉक्झिक गेला!" टपरीवाला म्हणायचा, "नथूभाऊ, विष गेल्याचा आनंद का आल्याचा?"

एकदा एक टँकर गेला आणि गुडघ्यावर थाप पडली नाही. कोमलनं पाहिलं तर तो चष्मा काढून पुसत होता.

"काय झालं आबा?"

"काय न्हाई. इतकी वरसं ह्यांच्या मागनं, पुढनं चालवलं. बाजूला लावून चा पिलो, बिडी वढली. आत काय हाय ते लिवलेलं हुतं समदं." त्यानं चष्मा लावला. "लिवलेलं हुतं, बग."

वर्ग संपला, शेवटी कागदावर परीक्षा झाली, डॉक्टरनं डोळे आणि छाती तपासली. आरटीओत तो तीनदा जाऊन आला. एकदा फोटो चालेना, एकदा साहेब जागेवर नव्हते. भात कापायला आलं आणि त्याच आठवड्यात पोस्टानं कार्ड आलं. नथूनं चष्मा लावून ते वाचलं. मोठ्यानं, पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत, आरटीओच्या पत्त्यासकट.

*

त्या संध्याकाळी, खळ्यावरून अंग धुऊन आल्यावर, कस्तुराबाईनं ताट केलं. हळदकुंकू, सुपारी, निरांजन.

"चला, गाडीला ववाळून येऊ."

"गाडी यार्डात हाय. आन् त्या गाडीला इस्तू दाकवत न्हाईत," नथू म्हणाला. "क्याबिनमदी उदबत्ती सुदिक बंद. मास्तरनं पयल्यांदा तेच सांगितलं. आपल्या लोकांची सवय हाय ना, देव म्हणून पेटवायची."

"बिनववाळता पयली खेप करनार?"

दोघंही हटेनात. शेवटी कस्तुराबाईनं पाट मांडला आणि पाटावर ते कार्ड ठेवलं. त्याला हळदकुंकवाची बोटं लावली. निरांजन फिरवलं. कार्डावरचा नथूचा फोटो घाबरल्यासारखा समोर बघत होता, आणि खरा नथू मागं उभा राहून लाजत होता. "वल्या हातानं नको गं, पुसंल त्ये," तो म्हणाला. कोमलला हसू आवरेना.

जेवताना नथूला वर्गातलं आणखी काही आठवलं. "मास्तर म्हनत हुता, ह्या मालाच्या ड्रायव्हरनं घरी सांगून निगायचं. कुटं चाललो, काय माल, कंच्या रस्त्यानं. काय झालं तर घरच्यांना ठाव पायजे."

कस्तुराबाईचा हात भाकरीवर थांबला. "त्या मास्तरला म्हनावं, आमच्यात निगताना इचारत न्हाईत."

"इचारू नका. मी सोताच सांगीन की."

"सांगायचं बी न्हाई. तोंडातनं निगालं की वाटंला कळतं. आल्यावर सांगा, इतके दिस सांगत आलात तसं."

ही रीत कस्तुराबाईनं केली नव्हती. तिच्या सासूनं तिला दिली होती. पण पाळली तिनं. कोमल लहान असताना, नथू ट्रक घेऊन निघाला तेव्हा ती दारातून ओरडली होती, "आबा, कुटं?" कस्तुराबाईनं तिच्या तोंडावरच हात मारला होता. नथू मुकाट्यानं परत फिरला, चपला काढल्या, घरात येऊन बसला, तांब्याभर पाणी प्याला आणि मग नव्यानं निघाला. तेव्हापासून तो शब्द कोमलनं दारात कधी उच्चारला नाही. आबा कुठं जाऊन आले ते ती त्यांच्या गाडीवरून ओळखायची. चाकांना लाल माती म्हणजे कोकण. पिशवीत चिकू म्हणजे डहाणूकडं. शेंगा भाजक्या असल्या की सोलापूर. शाळेत नकाशा शिकायच्या आधी तिला महाराष्ट्र असा कळला होता, मागून, माणूस घरी परत आल्यावर.

"ह्या गाडीत खायाचं काय बी ठेवायचं न्हाई म्हनं," नथू म्हणाला. "तवा शेंगा-बिंगा इसरा आता."

जेवण झाल्यावर त्याचा फोन वाजला. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातला होता. तो अंगणात जाऊन बोलला, "व्हय साहेब, व्हय, येतो सकाळी," एवढंच आत ऐकू आलं. आत आला तेव्हा त्याला सकाळी कुठं जायचं ते कळलेलं होतं. त्याच्या तोंडावर ते स्वच्छ दिसत होतं. त्यानं एकदा कोमलकडं बघितलं आणि घोंगडी अंथरली.

*

सकाळी धुकं होतं. कंपनीनं नवे बूट दिले होते, जाड, पुढं लोखंडी टोप असलेले. नथूनं जन्मात चपलांशिवाय काही घातलं नव्हतं. उंबऱ्याशी बसून त्यानं पाय आत कोंबले आणि नाड्यांकडं बघत राहिला.

"बैलाच्या कासऱ्यासारखी गाठ मारू का?"

"थांबा," कोमल म्हणाली. ती खाली बसली. भात झोडून झोडून तिचे तळहात सोलवटले होते, नाडी ओढताना झोंबत होते. तिनं दोन्ही बुटांना नीट फासाच्या गाठी मारल्या, वर दुहेरी केल्या, सुटू नयेत म्हणून. नथू वरून बघत होता. तिच्या केसांत भाताचं कुसळ अडकलं होतं ते त्यानं काढलं.

"घट्ट झालं?"

"बरं हाय. पाय माझा ऱ्हायला न्हाई, पर बरं हाय."

तो उठला. कार्ड खिशात चाचपलं, चष्म्याची डबी चाचपली. उंबऱ्याबाहेर पाय टाकून तो थांबला. नेहमी तो थांबत नसे. आज थांबला, पाठमोरा, जरासा वळून, कुणी हाक मारेल म्हणून माणूस थांबतो तसा.

कोमलच्या ओठांवर आलं होतं. तिनं आईकडं पाहिलं. कस्तुराबाई देवघराशी उभी होती, हात जोडलेले, डोळे मिटलेले.

"सावकाश जा आबा," कोमल म्हणाली.

"येतो," नथू म्हणाला. मोटारसायकल धुक्यात गेली. आवाज कामशेतकडं वळला, एवढं कळलं. यार्ड तिकडंच होतं. पुढचं कळायचं कारण नव्हतं.

*

आभाळ फुगतच चाललं होतं. त्या दिवशी कस्तुराबाईनं नवऱ्याच्या जागी उभी राहून पेंढ्या झोडल्या. तिला दम लागायचा, पण ती थांबायची नाही. रंजना म्हणायची, "मावशी, मी मारते दोन, तुमी एक मारा," आणि खरंच दुप्पट मारायची.

न्याहारीला बसल्या तेव्हा कोमलच्या फोनवर ग्रंथालयाच्या ग्रुपमध्ये बातमी आली. घाटात टँकर उलटलाय, मुंबईकडं जाणारी वाहतूक बंद, केमिकलचा वास येतोय म्हणून लोकांना लांब ठेवलंय. बरोबर फोटो, लांबून काढलेला. आडवा पडलेला टँकर आणि धुकं.

"घाटात टँकर उलटलाय," तिनं वाचून दाखवलं.

रंजनाचा घास थांबला. "आपले मालक?"

"न्हाई गं बाय," कस्तुराबाई म्हणाली. "त्यांच्या मालकाच्या गाड्या सोलापूर रस्त्याला असत्यात. त्येच सांगत हुते परवा. हे घाटात कशाला उतरतील?" तिनं कांदा मुठीनं फोडला. "आता टँकरवाल्याची बायको झाले म्हनून दर टँकरला रडत बसू का?"

तरी कोमलनं फोन लावला. बंद होता. मोबाईल बंद ठेवायचा, हे तिनंच तर त्याच्याकडून पाठ करून घेतलं होतं. तिनं फोटो पुन्हा पाहिला. टँकरची मागची बाजू दिसत नव्हती, पाटी वाचता येत नव्हती. प्रेरणा, तिची ग्रंथालयातली मैत्रीण, त्या दिवशी पनवेलला नातलगांकडं जाणार होती. कोमलनं तिला ती बातमी पाठवली. वर लिहिलं, आज घाटातून जाऊ नकोस, रेल्वेनं जा. मग फोन पदरात खोचला आणि केरसुणी उचलली.

दुपारभर त्यांनी झोडलं. शेवटची पेंढी रंजनानं आपटली तेव्हा तिघी तशाच खाली बसल्या. बाकावरची साल झडून गेली होती. रंजनानं पेंढ्याच्या गंजीला पाठ टेकून वाडीतल्या कुणा नवरदेवाची गोष्ट सांगितली, बोहल्यावर चढायच्या वेळी झाडावर चढून बसलेल्या. कस्तुराबाई डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. कोमलही हसली. हे हसणं पुढं तिच्या अंगात कायमचं राहिलं, काढता न येणाऱ्या कुसळासारखं.

दिवेलागणीला केरबा आला. नथूबरोबरचा ड्रायव्हर, त्याच्याच वर्गात बसलेला. खळ्याच्या कडेला त्यानं मोटारसायकल उभी केली आणि तो उतरेचना.

"केरबाभाऊ, या की," कस्तुराबाई म्हणाली. "मालक न्हाईत घरी, खेपंला गेलेत."

केरबानं तिच्याकडं पाहिलं, मग कोमलकडं, मग भाताच्या राशीकडं. "वैनी," तो म्हणाला, "तुमाला फोन न्हाई आला?"

मग तो उतरला. उभ्यानंच बोलत राहिला, जमिनीकडं बघत. मागून कंटेनर आला, त्याचं ब्रेक लागलं न्हाई. टँकर कडेला जाऊन आडवा झाला. माल थोडाच झिरपला, पेटला न्हाई. नथूभाऊ सोता भाईर आलं हुतं, चाललं हुतं. लोक मोबाईल काढून जवळ येत हुते, त्यांना हात करत हुतं, तिकडं न्हाई, वाऱ्याच्या वरल्या अंगाला व्हा, वरल्या अंगाला. मग खाली बसलं. मग आडवं झालं. जाणकार माणूस येऊन तपासून जाईस्तवर टँकरजवळ कुणाला सोडलं न्हाई. मोबाईल, खिशातनं काढून ठेवलेलं लायसन, समदं क्याबिनमदी. आफिसनं घरचा नंबर काढला तर तो ओंकारचा जुना, बंद पडलेला. आफिसला वाटलं पोलिसांनी कळवलं आसंल, पोलिसांना वाटलं आफिसनं.

"मी आत्ता खेपंवरनं आलो वैनी. आफिसात इचारलं, घरचे पोचले का? तर म्हनले, पोचले आसतील."

"दवाखान्यात हायत ना?" कस्तुराबाई म्हणाली.

"हायत. चला."

घाट तुंबलेला होता. ते पोचले तेव्हा घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं. घाटाखालच्या त्या दवाखान्यात, वॉर्डातली एक मावशी कोमलला बाजूला घेऊन म्हणाली, "दुपार कलेपर्यंत होते गं. डोळे उघडायचे मधूनमधून, दाराकडं बघायचे. आम्ही आपसात म्हणत होतो, ह्यांचं कुणी येत कसं नाही?"

तिनं एक पिशवी दिली. आत कपडे होते आणि बूट. पाय सुजले म्हणून नाड्या कात्रीनं कापून बूट उतरवले होते. गाठी कोमलनं मारल्या तशाच, दुहेरी, न सुटलेल्या.

*

झोडलेलं भात खळ्यावरच राहिलं. त्या रात्री पाऊस आला आणि पुढंही येत राहिला. रंजना कुणी न बोलावता वाडीवरून उतरून आली, तिनं राशीवर प्लास्टिक ओढलं, कडेनं दगड ठेवले. पण खालून ओल गेलीच. तेरावं झालं तेव्हा राशीच्या कडेच्या दाण्यांना पांढरे कोंब फुटले होते. कस्तुराबाई ते मुठीत घेऊन बघायची आणि परत टाकायची.

लायसन परत आलं. पोलिसांनी ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिलं होतं. फोटोवर कुंकवाचा पुसट डाग तसाच. कस्तुराबाईनं ते देवघरात ठेवलं. कोमलवर तिनं कधी राग काढला नाही, स्वतःवरही नाही. फक्त एकदा, चुलीसमोर बसली असताना, कुणाला उद्देशून नाही असं म्हणाली, "मी म्हनले, सोलापूर रस्त्याला." आणि लाकूड पुढं सारलं.

एवढी पुस्तकं वाचून कोमलचा शकुन-अपशकुनावर विश्वास नव्हता. तरी ती त्या सकाळी गप्प राहिली होती. विश्वासानं नव्हे. सवयीनं.

केरबा पुन्हा आला तो ओंकारशी बोलायला. मालक म्हणतो, बापाच्या जागी पोराला घेऊ. लायसन त्याचं हेवीचं आहेच. फक्त हॅझार्ड चढवून घ्यावं, नवा वर्ग सोमवारपासून बसतोय. ओंकारनं ऐकून घेतलं. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. चहा घेतला, केरबाला वाटेपर्यंत सोडून आला. कस्तुराबाईनं काही विचारलं नाही. ओंकारनं काही सांगितलं नाही. घर त्या गप्पपणाभोवती वावरत राहिलं, मधे झाकून ठेवलेल्या पातेल्याला वळसा घालावा तसं.

सोमवारी ओंकार लवकर उठला. आंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला. पुन्हा धुकं होतं. कस्तुराबाई देवघराशी उभी राहिली, हात जोडून. कोमल ओट्यावर भात निवडत बसली होती, त्याच राशीतलं. कोंबाचे दाणे एकीकडं, बरे एकीकडं.

पिकअपची किल्ली खिळ्याला होती. कोमलनं ती पाहिली. कस्तुराबाईनंही डोळे उघडून पाहिली आणि पुन्हा मिटले.

ओंकारनं चपला घातल्या. उंबऱ्याबाहेर एक पाऊल टाकलं. अंगणात वडिलांची मोटारसायकल होती, यार्डातून आणलेली, पुसलेली. तो तिच्याकडं निघाला.

कोमलनं सूप खाली ठेवलं.

"ओंकार, कुठं निघालास?"

कस्तुराबाईच्या तोंडून हुंकारासारखं काहीतरी निघालं. ओंकार जागीच थांबला. लहानपणापासूनच्या सवयीनं तो माघारी वळला, ओट्याशी आला, चपलेतून पाय काढायला वाकला. कस्तुराबाईनं पाण्याचा तांब्या उचलला होता, तोही सवयीनंच.

"चप्पल काढू नकोस," कोमल म्हणाली. तिचा आवाज मोठा झाला होता. आईला, घराला, वाटेला, सगळ्यांना ऐकू जाईल एवढा. "बसूही नकोस. पाणीपण पिऊ नकोस. मला सांगून जा. कुठं चाललास, आणि कुठल्या रस्त्यानं?"